खरखरबाईंच्या घरातली खरखर

कारखानदार मंडळी तिला पाठीमागे खरखरबाई म्हणत, आणि तिला ते पक्कं ठाऊक होतं. मिक्सर असो, चार्जर असो, घरात वापरायचं यंत्र दुकानात जाण्यापूर्वी तिच्या तपासणीच्या खोलीतून जायचं. विजेवरचं कुठलंही यंत्र चालताना थोडी अदृश्य खरखर बाहेर सोडतंच. ती किती सोडावी याला मर्यादा असते, आणि त्या मर्यादेवर ही बाई नागिणीसारखी बसलेली.

"मॅडम, एवढंसंच तर जास्त आहे," कुणी लाडीगोडी लावायचा.

"घरात हवं तेवढं भांडा हो. पण शेजाऱ्याच्या रेडिओला ऐकू जाता कामा नये," असं म्हणून ती यंत्र परत पाठवायची. कुठलंही यंत्र आत घेण्याआधी ती नुसत्या रिकाम्या खोलीतली खरखर मोजायची. खरखर नक्की कुणाची, यावर नंतर वाद नको.

अशी ही कर्दनकाळ घरी सासऱ्यांची मात्र लाडकी. सासरे निवृत्त बस-कंडक्टर, तोंडाचा पट्टा अखंड चालू. त्यांचा सेलवरचा रेडिओ दिवसभर कानाशी; सासूबाई होत्या तेव्हा त्याला सरळ 'माझी सवत' म्हणायच्या.

ती सवत हल्ली मुकी झाली होती. विचारलं तर सासरे म्हणाले, "कान गेले गं माझे. वय झालं." तिच्या वडिलांनीही एकेक आवडीची गोष्ट अशीच सोडली होती, मग बोलणं सोडलं, आणि मग ते गेलेच.

तिने सासऱ्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर हसले. "यांना भिंतीपलीकडची कुजबुजसुद्धा ऐकू येईल!"

मग सुट्टीच्या दिवशी सकाळी तिने स्वतःच रेडिओ लावला. खर्रर्र! हा आवाज ती झोपेतही ओळखेल. पदर खोचून तिने घराचा मेन स्विच पाडला. गाणं एकदम स्वच्छ. मग सगळी बटणं बंद करून, मेन पुन्हा चढवून एकेक वस्तू चालू करत ती निघाली. फ्रिज ठीक, टीव्ही ठीक.

"माझा चार्जर निर्दोष सुटला, देव पावला!" नवरा म्हणाला.

ती सासऱ्यांच्या खाटेजवळ आली तेव्हा त्यांनी पेपर तोंडासमोर धरला. "तो दिवा राहू दे गं. चांगला आहे तो."

तिने बटण दाबलं. खर्रर्र!

वाचायला बरा म्हणून तिनेच हौसेने आणलेला टेबल-लॅम्प. लोकांच्या यंत्रांवर काडीचा विश्वास न ठेवणारी ही बाई त्याच्या निळ्या काचेवर भाळली होती आणि न मोजता थेट घरी घेऊन आली होती.

"दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच का?" नवरा खो-खो हसला. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"दुसऱ्याच दिवशी कळलं. दिवा लावला की खरखर, मालवला की गाणं."

"मग मालवायचा ना!"

"तू जाता-येता लावतेस. 'अंधारात काय बसलात' म्हणून ओरडतेस वर." ते ओशाळले. "अख्ख्या गावाच्या वस्तू नापास करतेस तू. तुझीच नापास झाली, हे कुठल्या तोंडाने सांगू? म्हटलं, रेडिओवाचून काही मरत नाही मी."

ती मटकन खाटेवर बसली आणि रडायलाच लागली. "मला वाटलं, तुम्हीही आता माझ्या वडिलांसारखे..."

म्हाताऱ्याचा चेहरा पडला. "अगं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही," ते म्हणाले. आणि त्यानंतर दुपारच्या जेवणापर्यंत, तिने हात जोडले तरी, ते तिच्याशी बोलायचे थांबले नाहीत.