भूल उतरताना
परवा रक्त तपासायला गेले, स्पिरिटचा बोळा दंडावर फिरला आणि त्या वासानं नांदेडच्या दवाखान्यातली ती दुपार आठवली. पोटातल्या बाळाचे ठोके मंदावले म्हणून हदगावहून मला घाईनं आणलं होतं. सोबत थोरल्या जाऊबाई होत्या. लग्नाला बरीच वर्षं होऊनही त्यांना मूलबाळ नव्हतं. वयस्कर सिस्टरनं माझ्या बांगड्या उतरवल्या, केसांच्या दोन वेण्या घातल्या आणि ‘भिऊ नका, मी हाय ना’ म्हणत टेबलापर्यंत हात सोडला नाही. सिझरसाठी पूर्ण भूल द्यावी लागली. शुद्ध येऊ लागली तेव्हा घसा कोरडा पडला होता, थंडीनं दात वाजत होते, सिस्टर अंगावर ब्लँकेट सारखं करत होती. दुपट्यात गुंडाळलेली माझी लेक घ्यायला जाऊबाईंनी हात पुढं केले आणि माझ्या तोंडून निघालं, ‘तिच्याकडं देऊ नका, वांझोटी हाय ती.’ जाऊबाईंचे हात जागच्या जागी थांबले. ‘भूल उतरून राहिली त्यांची, माणूस काहीबी बोलतं,’ म्हणत सिस्टरनं बाळ त्यांच्याच कुशीत दिलं. ‘छातीशी धरा, ऊब लागंल.’ मला अर्धवट कळत होतं, तरी मी डोळे मिटून पडून राहिले. संध्याकाळी जाऊबाईंनीच ओल्या कापसानं माझे ओठ भिजवले. तो विषय त्यांनी कधी काढला नाही, मलाही माफी मागता आली नाही. लेक त्यांच्या अंगाखांद्यावर वाढली. पण आजही तिला जवळ घेण्याआधी जाऊबाई एकदा माझ्याकडं बघतात.