पाहुण्याला दिलेलं उत्तर

माफ करा. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. महागड्या औषधांवर लिहिण्याची माझी लायकी नाही. लायकी असलेल्यांनी काय केलं, तेवढं सांगतो.

चंद्रपूरच्या बैठकीत समितीच्या तज्ज्ञ साहेबांनी माझ्या बहिणीला, शकूला, सगळ्यांसमोर उभं केलं. तिच्या फुगलेल्या पोटावर पेनाने टकटक केलं.

"हीच ती पेशंट. पाचही प्रश्नांत पूर्ण गुण! काहीही त्रास नाही. एवढं महाग इंजेक्शन देऊन हिला आणखी किती बरी करणार?"

हॉल हसला. शकूही हसली. तिला वाटलं, कौतुक चाललंय.

शकूचा आजार फार क्वचित कुणाला होतो. पोटातली प्लीहा वाढत जाते, हाडं ठणकतात. औषध आहे, परदेशी. ते देणं सरकारला परवडतं का, हे ठरवायला बैठकीआधी साहेब सिंदेवाहीजवळच्या आमच्या गावी जीपने आले होते. चालता येतं का, दुखतं का, असे पाच प्रश्न. मीच वाचून दाखवले. कॉलेजात शिकतो म्हणून, ऐटीत.

"दुखते काय?"

"नाई जी, बरी हाय. चहा घेता ना?"

आमच्याकडे दारी आलेल्या पाहुण्याला कुणी दुखणं सांगत नाही. त्याच सकाळी ती भिंत धरून उठली होती. साहेबांनी चहा प्यायला आणि पाचही ठिकाणी 'त्रास नाही'वर खूण केली. मी पाहिलं. तरी साहेबांना जीपपर्यंत पोचवून आलो.

आता बैठकीत साहेबांनी तोच कागद माझ्यापुढे सरकवला. प्रश्न तूच वाचलेस, उत्तरं खरी आहेत म्हणून सही कर, म्हणाले.

"साहेब, ते पाहुन्याले दिलेलं उत्तर होतं."

"अर्थशास्त्र शिकलास का, बाळ?"

"नाई."

"मग सही कर."

केवढा शिकलेला माणूस! जिवाचं मोल काढायला निघाला, आणि कपबशी देताना चौकट धरून उभी राहिलेली पोरगी त्याला दिसली नाही. असल्या विद्वत्तेची मला किळस आली. मी पेन खाली ठेवला.

"हिशेब तुमचा. सही बी तुमीच करा."

काल पत्र आलं. सहीवाचून अहवाल अडलाय. साहेब पुन्हा येणार, तेच प्रश्न घेऊन.

मी शकूला वाचून दाखवलं. तिने चुलीवरचं चहाचं भांडं उतरवून पालथं घातलं.

"येऊ दे. आता पाहुना नाई तो. कुठी कुठी दुखते, समदं सांगीन त्याले."