लवू मेतरच्या घराला कडी नाही

मालवणच्या उत्तरेला, किनाऱ्यालगतच्या एका वाडीत लवू मेतर राहायचा. होडीवर जायचा, जाळी विणायचा, चारचौघांसारखाच. पण वाडीत त्याच्या घराची ओळख एकच, दाराला कडी नाही. आतून नाही आणि बाहेरूनही नाही. त्याची बायको हिरा मासे विकायला बाजारात निघाली की दाराला नायलॉनची दोरी बांधायची आणि रोज तेच बोलायची, "भितरची कडी काढल्यात, एक वेळ समाजलंय. भूकंप इलो तर पळाक बरा. पण भायरच्या कडयेन तुमचा काय घोडा मारल्यान?"

लवू ऐकलं न ऐकलंसं करायचा. एरवी भूकंपावर त्याला बोलतं करा, जेवण गार होईस्तोवर थांबणार नाही. पण ह्या एका प्रश्नाला तोंड म्हणून उघडायचं नाही हो!

झोपायची त्याची तऱ्हा और. उशाशी तीन लोटे एकावर एक पालथे घालायचा आणि वर पेला ठेवायचा. धरणी जरा हलली की पेला पडलाच पाहिजे. आता बोला! कोकणातल्या घरात मांजर असतं, उंदीर असतात. पेला पडायचा, लवू बोंबलत अंगणात यायचा, शेजारीपाजारी शिव्या घालत उठायचे. "आवशीक खाव तुझ्या भूकंपाच्या," असं म्हणून पुन्हा आडवे व्हायचे. शेवटी लोकांनी उठणंच सोडलं.

त्याला भीती होती ती फुकाची नव्हती, एवढं मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. लवूचा बाप भिकाजी होडी सोडून कोयनेच्या धरणावर मजुरीला गेला होता, बायकापोरांसकट. सदुसष्टच्या डिसेंबरात पहाटे मोठा भूकंप झाला. नऊ वर्षांचा लवू तेव्हा लघवीला बाहेर गेलेला, म्हणून वाचला. बाप कामाच्या पाळीवर होता. लवूची आई नर्मदा मात्र खोलीत राहिली, भिंतीखाली. बाप पोराला घेऊन मालवणला परत आला तो कायमचा. पोराचं नशीब बलवत्तर, असं सगळे म्हणायचे. हे ऐकलं की लवू उठून चालू लागायचा.

आणि ह्या माणसाला वेड कशाचं, तर ज्वालामुखीचं! हिरा मासे बांधायला रद्दी आणायची. ती रद्दी आधी लवूच्या हातून जायची. कुठे ज्वालामुखीचा फोटो दिसला की ब्लेडने कापून पत्र्याच्या पेटीत. हिराच्या गिऱ्हाइकांना बांगडे मिळायचे ते चौकोनी खिडकी पडलेल्या कागदात. बायका हसायच्या, "हिरा, आज खंयचो डोंगर फुटलो गो?"

लवूचं म्हणणं असं, की भूकंप हा चोर. अंधारात येतो, घाव घालतो, तोंड दाखवत नाही. ज्वालामुखी तसा नाही. तो समोर उभा राहतो, तांबडालाल. आपल्या आईला ज्याने नेलं त्याचं तोंड एकदा तरी डोळ्यांनी बघायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. शाळेच्या मास्तरांनी एकदा त्याला सांगितलं, की अरे, आपला अख्खा सह्याद्री म्हणजे थिजलेला लाव्हाच. त्या दिवशी लवू जेवला नाही. मास्तरांचं ते वाक्य आठवडाभर दिसेल त्याला ऐकवत सुटला.

अठ्ठ्याण्णव साली पोरीला, रूपालीला, घेऊन तो राजापूरच्या उन्हाळ्याला गेला. तिथे जमिनीतून कढत पाणी येतं. पंधरा वर्षांची पोर, तळेऱ्यापर्यंतच तिला दोनदा एसटी लागली, पण बापाचा हात तिने सोडला नाही. लवूने झऱ्यात हात घातला आणि तसाच उभा राहिला. लोक आंघोळ करून गेले, हा हललाच नाही. "भितर जागो आसा तो," म्हणाला. रूपालीनेही शेजारी हात घातला. "बाबा, कायतरी धडधडता," ती म्हणाली. लवूने चमकून तिच्याकडे बघितलं. घरी येईपर्यंत तो दर थोड्या वेळाने तिला तेच विचारत होता, खरंच धडधडलं का.

अशी ती पोर बावीस वर्षांची झाली आणि तिला स्थळ आलं. मुलगा निलेश, आपल्यातलाच, आचऱ्याचा. सरकारी नोकरी, राहायला क्वार्टर. बघायला आला तेव्हा रूपालीने चहा देताना मान वर करून त्याच्याशी दोन शब्द बोलून घेतले, म्हणजे पसंतीचा प्रश्नच मिटला. हिरा हरखली. मग लवूने विचारलं, नोकरी कुठे?

"कोयनानगराक."

झालं! लवूच्या हातातली बशी खाली आली. "शिरा पडली त्या कोयनेर!" तो ओरडला. "चेडू दर्यात लोटीन, पण थय दिवचंय नाय!" पाहुणे चपला शोधू लागले. तीनच महिन्यांपूर्वी सुनामीने पूर्वेच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या वाड्याच्या वाड्या नेल्या होत्या, ते टीव्हीवर बघून लवू आधीच थाऱ्यावर नव्हता. आता तर त्याने अन्न टाकलं. हिरा रडली, भांडली. रूपाली त्याचं ताट रोज तसंच झाकून ठेवायची, आणि तेच लवूला जास्त लागलं.

शेवटी हिराने तोड काढली. "तुमचा नको, माझा नको. देवीक कौल लावया. ती सांगात ता."

दोन हजार पाचचा मार्च. वाडीच्या वरच्या अंगाला सातेरीचं देऊळ, आत देवीचं वारूळ आणि वारुळापुढे पाषाण. सकाळी लावायचा कौल, पण परशुराम गुरव काजूच्या बागेत अडकला आणि दुपारचे तीन वाजत आले. त्याने पाषाणाला दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या, एक उजव्या अंगाला, एक डाव्या. उजवी पडली तर द्यायची, डावी पडली तर नाही. मग हात जोडून गाऱ्हाणं घातलं, "आई सातेरी, लवू मेतराच्या चेडवाक कोयनेक दिवचा काय नाय, ता आज उजवा-डावा करून सांग!"

"व्हय म्हाराजा!" जमलेले म्हणाले.

आणि मग वाट बघणं. दहा मिनिटं, वीस मिनिटं. लवू खांबाला टेकून अनवाणी उभा, नजर डाव्या पाकळीवर. पड गो बाये, पड, असं ओठातल्या ओठात चाललेलं. एवढ्यात त्याच्या तळपायांना कळलं. जमिनीतून एक बारीक थरथर आली, गुडघ्यापर्यंत चढली आणि गेली. उजवी पाकळी सुटून खाली आली.

"उजवो!" परशुराम ओरडला. हिराने पदर डोळ्यांना लावला.

"उजवो-बिजवो काय नाय!" लवू पुढे धावला. "धरणी हालली! पाकळी देवीन नाय, भूकंपान पाडल्यान! तो बघा लामणदिवो हालता!"

"वाऱ्यान हालता," कुणीतरी म्हणालं, आणि लोक हसले. बरोबरच आहे, वर्षातून पन्नास वेळा ज्याचा पेला मांजरामुळे पडतो त्याचं कोण ऐकणार?

पण संध्याकाळी टीव्हीच्या बातम्यांत आलं, कोयनेला दुपारी तीनच्या सुमारास भूकंपाचा धक्का. लवू टीव्हीसमोरून उठला तो थेट परशुरामच्या अंगणात.

"ऐकलंस? आता कौल मोड!"

परशुराम काजू फोडत होता. "लवू, सातेरी म्हणजे कोण रे? वारूळ कित्याचा? मातयेचा. धरणीच ती. धरणी हालली म्हणजे देवीच हालली. आनी तिना कसा सांगूचा, तुका पत्र घालून?"

लवू तडफडला. त्या म्हाताऱ्या देवीचा त्याला असा संताप आला, की जिने आई नेली तीच आता पोर मागते आणि वर होय म्हणून सांगते! परशुरामने हात पुसले. "मन मानना नसात तर उद्या परत लावतंय. माझा काय जाता? पण आधी चेडवाक विचार."

रूपाली किनाऱ्यावर पालथ्या होडीवर बसली होती. लवू शेजारी बसला आणि काही विचारायच्या आत तीच बोलली.

"बाबा, माका पण कळला. देवळात. पायाक."

"मगे बोललंस नाय कित्याक?"

"बोलान काय करू? तुमी कौल मोडून मोकळे झाले असतात." तिचा आवाज चढला. "माका जावचा आसा. माका निलेश आवडलो हा. लोटे पडतले काय, दार उघडा आसा काय, जल्मभर ह्याच बघतंय मी. थय धरणी हालता, ती हयसर पण हालली मां? मगे खंय ठेवतलास माका?"

लवूला राग यायला हवा होता. आला नाही. मग सदतीस वर्षांत जे बापाला नाही सांगितलं, बायकोला नाही सांगितलं, ते तो पोरीला सांगू लागला. त्या पहाटे त्यानेच आईला उठवलं होतं. ती झोपेत म्हणाली, कडी घालून जा रे, कुत्रो भितर येतलो. त्याने बाहेरून कडी घातली आणि चार पावलं गेला. जमीन हलायला लागली तेव्हा तो धावत परत आला. आई आतून दार ठोकत होती. चौकट वाकडी झाली होती, कडी तिच्यात आवळून बसली होती. त्याने दोन्ही हातांनी ओढली. नखं उपटली. "जोर कर रे बाबू," आई आतून म्हणत होती. मग भिंत आली.

"लघवेक गेलो म्हणान वाचलो, म्हणतत लोक," लवू म्हणाला. "कडी मी घातलेली, रूपाली. माझ्या हातान."

रूपाली रडली. बापाचा हात धरून बसली. पण जायचं नाही असं काही ती म्हणाली नाही.

कौल पुन्हा लागला नाही. मे महिन्यात लग्न झालं. पाठवणीला वाडी निघाली, लवू तेवढा घरी राहिला. पुढेही तो कोयनेला गेला नाही. कधी होडीचं काम, कधी पाऊस, कधी गुडघे. रूपाली बाळंतपणाला माहेरी आली, रिया झाली, ती तीन वर्षांची झाली, तरी लवूने लेकीचं घर बघितलं नव्हतं. मोबाइल मात्र घेतला. दिवसातून तीनदा फोन, आणि प्रश्न एकच, सगळा बरा मां?

दोन हजार नऊच्या डिसेंबरात, एका संध्याकाळी, अंगणात जाळं पसरताना लवूच्या तळपायांना पुन्हा कळलं. ह्या वेळी जास्त. त्याने फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. बातम्यांत कोयना म्हणाले आणि हिरानेच त्याचा सदरा पिशवीत भरला. पहाटेच्या पहिल्या एसटीने तो निघाला. कणकवली, तळेरे, चिपळूण. वाटेत शंभर वेळा फोन दाबला असेल. कुंभार्ली घाटात रस्त्याच्या कडेला काळे कातळ थरावर थर उभे होते, मास्तरांचा तोच थिजलेला लाव्हा. जन्मभर ज्याचं तोंड बघायची आस, तो हाताच्या अंतरावर. लवूने डोळे घट्ट मिटून घेतले. त्याला आता फक्त पोरीचं तोंड बघायचं होतं.

दुपारी तो क्वार्टरपाशी पोचला. बैठी घरं, एकासारखं एक. एका भिंतीला तडा गेलेला, बायका बाहेर उभ्या राहून तड्याकडे बोट करून बोलत होत्या. प्रत्येक दाराला बाहेरून लोखंडी कडी. लवू एकेका कडीकडे बघत चालला. रूपालीचं दार शेवटचं, आणि ते बंद होतं. त्याचा हात आपोआप कडीकडे गेला.

कडी नव्हती. तिच्या जागी स्क्रूची चार भोकं, सुताराची लांबी भरून बुजवलेली.

त्याने दार ठोकलं. आतून बारीक आवाज आला, "कोण?" खुडबुड झाली, पाट सरकल्यासारखं काहीतरी, आणि दार उघडलं. पाटावर उभी राहून रियाने उघडलं होतं, स्वतःच्या हाताने. मागून रूपाली पिठाचे हात घेऊन धावत आली. "बाबा! तुमी? फोन लागा नाय होतो..."

लवू उंबऱ्यावरच उभा. बोटं त्या चार भोकांवर. "हयची कडी गो?"

"पयल्याच दिसाक काढलंय. निलेश कित्याक म्हणान विचारी होतो. म्हटलंय, ती आमच्या आजयेची गजाल आसा." ती दाराचं नवं कुलूप दाखवू लागली. "भायरसून कोणाक कोंडूकच येवचा नाय. भितरसून नुसता फिरवला की उघडता. रियाक पयला ताच शिकवलंय."

"मी उघडतंय आजो!" रियाने आजोबाला आत ओढून दार धाडकन लावलं आणि पाटावर चढून एका हाताने कुलूप फिरवलं. दार उघडलं. पुन्हा लावलं. पुन्हा उघडलं. लवू तिच्या त्या एवढ्याशा हाताकडे बघत राहिला. मग भिंतीला टेकून खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. रूपाली जवळ बसली. तिने त्याला गप्प केलं नाही.

शेवटी त्याने सदऱ्याने तोंड पुसलं. उघड्या दारातून घाटावरची थंडी आत येत होती.

"दार लाव गो बाये," तो नातीला म्हणाला. "थंडी लागात तुका."

रियाने दार लावलं. लवू तिथेच, बंद दाराला पाठ टेकून, चहाची वाट बघत बसला.