दाराशी कोणीतरी आहे

शाळेतून निवृत्त झाल्यावर माझ्याकडे दोनच गोष्टी वाढल्या, गुडघेदुखी आणि नको असलेले मेल. रोज सकाळी चहा झाला की मी फोन घेऊन ओसरीवर बसते आणि वह्या तपासायचे त्याच कडकपणानं कचरा काढते. तुम्हाला बक्षीस लागलंय. खोडलं. तुमचं पार्सल अडकलंय. खोडलं. 'एकटं वाटतं का?' असंही एकजण विचारतो. वाटलं तर तुला कशाला सांगू, म्हणून त्यालाही खोडते.

यातला निम्मा कचरा माझा नाहीच, माझ्या धाकट्या भावाचा आहे. तो इथं मळवलीत पाच-सहा बंगले सांभाळायचा. आमच्याकडच्या बंगला सांभाळणाऱ्यांची एक रीतच आहे. कुणी ईमेल विचारला की घरात जो शिकलेला असेल त्याचा ठोकून द्यायचा. रंगवाला, पंपवाला, पोहण्याच्या टाकीत पावडर टाकणारा, सगळ्यांना त्यानं माझा पत्ता दिला. "तुज्याकडं पडू दे गं ताई, मला कुटं येळ हाय वाचायला," म्हणायचा. मी चिडायचे, तो हसायचा.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी छातीत कळ येऊन तो गेला. मेलवाल्यांना कोण सांगणार? ते त्याच्या नावानं हाका मारत राहिले. 'बऱ्याच दिवसांत दिसला नाहीत.' 'आम्हाला तुमची आठवण येते.' आधी रडू आलं, मग राग आला. आठवण काढायला आम्ही मेलो होतो का? त्याची लेक तळेगावला नोकरी करते. तिनं मला शिकवलं, "आत्या, अनोळखी मेल उघडायचाच नाही. स्पॅमचं बटण दाब, पुढचे सगळे आपोआप तिकडं जातील."

त्यातच एक होता. इंग्रजीत, भावाचं नाव घालून, एवढंच: 'तुमच्या दाराशी कोणीतरी आहे.' तेराव्यानंतर थोड्याच दिवसांत तो येऊ लागला. मी बटण दाबलं. मेल मुकाट्यानं स्पॅममध्ये जायला लागला, पण यायचा थांबला नाही. रोज सकाळी स्पॅम रिकामा करायला गेले की आदल्या दिवशीचा एक तिथं बसलेला असायचा, आणि वेळ कायम दुपारी चारच्या आसपासची. रविवारी चार. श्रावणी सोमवारी चार. फसवणारे लोक इतके वेळेचे पक्के असतात होय? मी कुणाला बोलले नाही. निवृत्त बाईला भास होतात, असं लोक म्हणाले असते.

पण दुपारी आडवी झाले की चारला आपोआप जाग यायची. उठून मी दाराकडे बघायचे. दार उघडं, अंगणात कुणी नाही. आईही त्या वेळी घरात नसायची. "मारुतीला जाऊन येते," म्हणून ती तीन वाजताच निघालेली असायची. त्या रिकाम्या दाराची मला भीती वाटायची, हे आज कबूल करते.

मग तो धुक्याचा दिवस आला. आमच्याकडे ऑगस्टात धुकं पडलं की समोरचा पेरूसुद्धा दिसत नाही. वर पाऊस. पाच वाजले तरी आई आली नव्हती. देवळात गेले तर पुजारी म्हणाला, कितीतरी महिन्यांत त्या इकडं आल्या नाहीत. मी तशीच घराकडे वळले. बंगले सांभाळणारा शेजारी म्हणाला, "बाई, मावशी वढ्याच्या अंगाला जाताना दिसल्या व्हत्या. वढा तर आता लय भरलाय."

भाचीला फोन लावायला मी मोबाईल हातात घेतला. सकाळचं स्पॅमचंच पान उघडं होतं. 'तुमच्या दाराशी कोणीतरी आहे.' चार वाजून दहा मिनिटं. त्याच्यावर आणखी एक, साडेचारचा. पावणेपाचचा. पाचचा. मी बघत असतानाच सगळ्यांच्या वर एक नवा येऊन बसला. असं कधीच झालं नव्हतं. उघडू नको म्हणून सांगितलेलं होतं. मी उघडला.

आत फोटो होता. धुकं, लोखंडी फाटक, आणि अगदी जवळ, वर कॅमेऱ्यात बघणारा, ओला, माझ्या आईचा चेहरा. तिचे ओठ काहीतरी बोलताना उघडलेले होते.

फाटक ओळखलं. ओढ्यापलीकडचा बंगला, मालक परदेशात, भावानं जाण्याआधी चारच दिवस तिथं, कुणी समोर आलं की मेलवर फोटो पाठवणारा कॅमेरा बसवून घेतला होता. ईमेल अर्थातच माझा दिला असणार.

शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर आम्ही रस्त्यानं वळसा घालून गेलो. वाटेत मी 'स्पॅम नाही' हे बटण शोधून दाबलं. महिनोन् महिने मी रोज सकाळी चहा पिऊन माझ्या आईचा चेहरा कचऱ्यात टाकत होते. माझी मलाच लाज वाटली.

ती फाटकाच्या पायरीवर प्लॅस्टिकची खोळ पांघरून बसली होती. परतीच्या वाटेवर ओढा चढला, म्हणून थांबलेली. रडावं की ओरडावं ते मला कळेना. ओरडलेच. "आई, इथं कशाला येतेस तू?"

"त्यानंच सांगितलंय," ती म्हणाली. "कॅमेरा लावला तवा मला आणून उभी केली. म्हनला, आई, हितं उभी ऱ्हायलीस की मी कुटं बी असलो तरी मला दिसतीस. मग तोंड दाखवून जाते रोज. तुला बोलले न्हाई, तू शिकलेली, आडवली आसतीस."

"आणि बोलतेस काय?"

"जेवलास का इचारते. दुसरं काय बोलू?"

शेजारी मोटारसायकलपाशी पाठ फिरवून उभा राहिला. फाटकावर एक बारीक लाल दिवा जळत होता. त्याच्याकडे बघायचं माझं धाडस होईना. आईनं ओल्या हातानं माझी हनुवटी धरली आणि वर केली.

"तू बी दाखव तोंड. ताई का येत न्हाई म्हनून वाट बघत आसंल त्यो."

मी बघितलं. हातातला फोन थरथरला. भावाच्या नावानं मेल आला होता, दाराशी कोणीतरी आहे. उघडला. आम्ही दोघी होतो.

"बगितलं का त्यानं?" आईनं विचारलं.

"व्हय," मी म्हणाले. "बगितलं."