पहिलं काजळ
एरंडेलाच्या दिव्यावर ताटली धरली की काजळीचा कडवट वास सुटतो आणि मला भावाच्या मुलीची पाचवी आठवते. आमच्या बुऱ्हाणपूरकडे बाळाला पहिलं काजळ आत्यानेच घालायचं असतं. आठव्या महिन्यात, केळीच्या बागेत भाकरी नेताना वहिनी मला हळूच म्हणाली होती, “ताई, अंगावरून पिवळं जातंय, आग होते.” मी म्हटलं, “उष्णता असेल, सब्जा पी. आणि कोणाला सांगत बसू नको.” बाळ घरीच झालं. तिसऱ्या दिवशी त्याचे डोळे सुजून मिटले, पू यायला लागला. घरी तपासायला आलेली आशाताई म्हणाली, “आजच दवाखान्यात न्या.” पण पाचवी पुजल्याशिवाय बाळ-बाळंतीण उंबरठा ओलांडत नाहीत, म्हणून आम्ही थांबलो. पूजेच्या संध्याकाळी मी फडक्याने पू पुसला आणि त्याच डोळ्यांत बोटाने काजळ भरलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पापण्या उघडल्या तर बुबुळं पांढरी पडली होती. “जन्मताना आईकडून लागण झाली. आधी इलाज केला असता तर डोळे वाचले असते,” त्या म्हणाल्या. मग वहिनीला विचारलं, “अंगावरून जात होतं, किसी को बताया था?” वहिनीने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “नाही.” मी बाळाचं दुपटं सारखं करत बसले. ती मुलगी आता दहा वर्षांची आहे. आज शेजारी पाचवी आहे, आणि काजळ करून द्यायला मलाच सांगितलंय. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागेल, म्हणून मी दिवा लावलाय, आणि वास ओळखून ती ओट्यावरून विचारतेय, “आत्या, कोणाकडे बाळ झालं?”