आक्का, चला

नगरच्या कोर्टातल्या त्या पुकारेवाल्याचा आवाज लई खडा. एक हात कानावर ठेवून तो व्हरांड्यातून नाव पुकारायचा, तेव्हा रस्त्यापलीकडचे टांगेवालेही मान वळवायचे. मग मेहनत झाल्यासारखा खोकायचा आणि माझ्याकडे तंबाखू मागायचा. स्वतःची कधी आणली नाही.

लढाईच्या दिवसांत मळ्याच्या मुकादमानं माझ्या बायकोच्या अंगावर हात टाकला, म्हणून तिनं फिर्याद केली. पुकारा झाल्यावर फिर्यादी उठला नाही, तर खटला बाद. तारखेच्या दिवशी ती कोर्टासमोरच्या लिंबाखाली पदर ओढून बसली आणि म्हणाली, "एवढ्या बाप्यांत माझं नाव वरडलं, तर मी उठायची न्हाई."

मी ते पुकारेवाल्याच्या कानावर घातलं. "मला वरडायचाच पगार हाय, बाबा," तो म्हणाला. मला वाटलं, मुकादम सुटला.

आमची पाळी आली, तसा तो पायऱ्या उतरून लिंबाखाली आला आणि हळूच म्हणाला, "आक्का, चला." ती उठली. मग व्हरांड्यात जाऊन त्यानं मुकादमाचं नाव बापासकट असं पुकारलं, की टांग्याची घोडी बुजली. मुकादमाला सजा झाली.

ती गेल्या महिन्यात वारली. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. पुकारेवाला आला होता. लोक म्हणाले, "तुमीच हाक मारा आता, तुमचा आवाज मोठा."

तो पिंडापाशी वाकला आणि हळूच म्हणाला, "आक्का, चला."

कावळा शिवला म्हणतात. माझे डोळे भरले होते, मला दिसला नाही.