सान्यावरची फरशी

ये, इकडं जवळ ये. दारात उभं राहून बोललेलं मला ऐकू येत नाही, ठाऊक आहे ना तुला? बस. आणि हे काय गं, सातवा लागला आणि तुझं सगळं ध्यान त्या चित्रांच्या पुस्तकात! बाळाच्या खोलीला जाड पडदे, खिडकी बंद, भिंतीला फुलाफुलांचा कागद. छान दिसेल, नाही म्हणत नाही. पण बाळ तिथं श्वास कुठून घेणार, ते लिहिलंय का पुस्तकात? नातसून आहेस म्हणून रागावते. दुसरीला नसतं बोलले.

ऐक. माझं पहिलं बाळंतपण कर्जतकडं, सासरीच झालं. पहिलटकरीण माहेरी जाते, पण माझ्या माहेरी, काष्टीला, आई राहिली नव्हती. जाणार कुणाकडं? लढाईचे दिवस ते. रॉकेल रेशनवर, तेही मिळालं तर. आमचं घर धाब्याचं, म्हणजे वर सपाट मातीचं छप्पर. चोराच्या भीतीनं भिंतीत खिडकी ठेवायची पद्धतच नव्हती. उजेड आत यायचा आणि धूर बाहेर जायचा तो सान्यातून. सानं म्हणजे छपराला ठेवलेलं भोक. पाऊस आला की वरून घमेलं उपडं घालायचं. सासरच्या माजघरालाही होतं. पण माझ्या लग्नाच्या आधी एकदा त्याच्या कडेवर घुबड बसलं आणि त्याच आठवड्यात दावणीचा बैल मेला. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सान्यावर फरशी ठेवली आणि वरून माती लिंपली. झालं, मिटलं!

तेव्हापासून माजघर भर दुपारीही काळंकुट्ट. लागूनच असलेल्या चुलीचा धूर तिथंच कोंडायचा. आणि बाळंतिणीची बाजही तिथंच. बाजेखाली शेगडी, ओव्या-शेपांची धुरी, आणि वारं लागू नये म्हणून दाराच्या फटीत कोंबलेल्या चिंध्या. माझ्या थोरल्या जावेचं पोर तिथं जन्मलं आणि खोकून खोकून महिन्याच्या आत गेलं. लोक म्हणाले, नजर लागली. नंतर जाऊ कुणाशी फारशी बोलायचीच नाही, नुसती खोकायची.

आता त्या बाजेवर माझी पाळी होती. मी सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, सानं उघडू या का?"

"तू कोन गं उघडनार? माजी चारी बाळातपनं ह्याच घरात झाली."

"तवा सानं उघडं हुतं, आत्याबाई."

त्यांनी भाकरी इतक्या जोरानं थापली की काटवटीतलं पीठ उडालं.

मग ह्यांना सांगून बघितलं. हे म्हणाले, "आबांम्होरं कोन बोलनार?" मी म्हटलं, "तुमी." हे उठून गोठ्यात गेले. तुझे आजेसासरे गं! माणूस सोन्यासारखा, पण अवघड बोलणं निघालं की ह्यांना वैरण आठवायची.

उन्हाळा सरत आला. पावसाच्या आधी धाब्यावर नवी पांढरी माती टाकून धोपटायची असते. ती एकदा बसली की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत छपराला कुणी हात लावत नाही. माझे दिवस श्रावणात भरणार होते. म्हणजे मातीचा तो थर पडला की माझ्या बाळाच्या नशिबीही तोच धूर.

मातीच्या दिवशी सगळं घर वर. मला पाटी उचलू देत नव्हते, म्हणून मी पाण्याची घागर घेऊन शिडी चढले. सासऱ्यांपुढं सुनेनं बोलायचं नाही, बसायचं तर नाहीच, अशी तेव्हाची रीत. मी घागर ठेवली, पदर नाकापर्यंत ओढला आणि त्या फरशीच्या जागेवर चक्क मांडी घालून बसले.

शेजारचं धाबं आमच्या धाब्याला लागून. तिथले म्हातारे ओरडले, "काय रं, पापडासंगं सून बी वाळत घातली का काय?"

मामंजींनी आत्याबाईंना सांगितलं, "तिला उठाया सांगा. हितं माती पडायचीय."

मी पण आत्याबाईंकडंच बघून बोलले, "मामंजींना म्हनावं, टाका माज्या अंगावं."

"बघा, कसं चुरुचुरु बोलतीया!" आत्याबाई कडाडल्या. "आय न्हाई माघारी, वळन कोन लावनार?"

ते लागलं मला. डोळे भरून आले. पण उठले नाही.

आता मामंजी रीत विसरून माझ्याशीच बोलले. "आन परत घुबड बसलं म्हंजे?"

मग मीही कशाला राखू? "घुबड हाकलता येतंय, मामंजी. धूर कसा हाकलायचा? एक लेकरू गेलं ह्या घरातलं. माजं मी जाऊ देनार न्हाई."

त्या लेकराचं नाव कुणी घरात काढत नव्हतं. सगळ्यांचे हात थांबले. जावेनं डोक्यावरची पाटी खाली ठेवली, आली आणि मला खेटून बसली. "मी बी हितंच हाय," एवढंच म्हणाली.

मामंजी तिच्याकडं बघत राहिले. मग शिडीकडं वळले. "करा काय करायचं त्ये. माजा हात लागनार न्हाई."

ते खाली गेले तरी आम्ही दोघी तशाच. शेवटी आत्याबाईच खेकसल्या, "आता उठा की! बसून का फरशी निघती?"

खुरप्यानं माती उकरली, पहारीनं फरशी उचकटली. आत्याबाई खाली बघायला गेल्या आणि तिथूनच त्यांचा आवाज आला, "अगं बया! हे घर हाय का भट्टी!" तुळयांवरून काजळीच्या दोऱ्या लोंबत होत्या. रोजचं घर, पण इतक्या वर्षांत बघितलेलं कुणी?

मग मी थांबले नाही. धान्याची कणगी मागच्या भिंतीला सरकवली, कारण दारातून येणारं वारं तिच्यावरच अडायचं. भिंती खरवडून पांढरीनं सारवल्या. सकाळचं ऊन पायांवर येईल, डोळ्यांवर नाही, अशी बाज टाकली. शेगडी अंगणात पेटवायची आणि निखारे लाल झाले, धूर गेला, की मगच आत आणायची. दाराच्या चिंध्या मी काढायची, आत्याबाई कोंबायच्या, मी परत काढायची. सगळं बाळंतपण आमचं हेच चाललेलं! मामंजींनी आपली घोंगडी सोप्यात नेली. माजघरात ते पुन्हा जेवायलासुद्धा आले नाहीत.

श्रावणात मुलगी झाली, तुझी थोरली आत्तेसासू. जाऊ रोज सकाळी यायची, उजेडात तिला मांडीवर घ्यायची आणि छातीला कान लावायची.

"घरघर वाजत न्हाई," ती म्हणायची आणि पोर माझ्याकडं द्यायची.

गावात माझं नाव झालं, उद्धट सून. होऊ दे. आजही तशीच बसेन, तू पण बस. पडदेवाला दुकानदार म्हणेल, सासू म्हणेल, नवरा वैरण बघायला जाईल. बाळाच्या खोलीची खिडकी कुणाला बंद करू देऊ नकोस.

निघ आता, ऊन चढायच्या आत घरी पोच. पण लवकर ये गं परत. येताना खोलीची मापं आण, इथं फरशीवर खडूनं आखू आणि पाळणा कुठं ठेवायचा ते ठरवू. मला तुमचे जिने चढवत नाहीत, नाहीतर मीच आले असते. वाट बघते.